थीम पार्कचं महागडं रिसॉर्ट बुक करताय? आधी या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापुरातून पोराबाळांना घेऊन निघालेल्या गाड्या साधारण तीन वाटांनी जातात. पुण्याकडे लागलेल्या खोपोलीच्या इमॅजिकाला, बेळगावकडे लागलेल्या बेंगळुरूजवळच्या वंडरलाला आणि सोलापूरकडे गेलेल्या रामोजी फिल्म सिटीला. पार्कच्या तिकिटांचा हिशेब बहुतेक घरांत नीट होतो, मुक्कामाचा होत नाही. पार्कच्या दारातलं तारांकित रिसॉर्ट घ्यायचं की पंधरा किलोमीटरवरचं साधं लॉज, हे मोबाइलवरचे फोटो बघून ठरतं. मग रात्रीला दहा-बारा हजार मोजलेल्या खोलीत झोपेपलीकडे काही होत नाही.

या जादा पैशांकडे बघायची आमची पद्धत सोपी आहे. त्या खोलीमुळे पार्कमधला वेळ वाढतो का, रांग कमी होते का, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे किंवा तान्ह्या पोराचे हाल वाचतात का? यातल्या एकाला तरी ‘हो’ असेल तर पैसे खुशाल द्या. पूल, लॉबी आणि खिडकीतून दिसणारा रोलर कोस्टर यांच्यासाठी देत असाल, तर पुढचं वाचून मग बुकिंगचं बटण दाबा.

रात्री मोजता, तास मोजत नाही

हॉटेलात चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला, चेक-आउट सकाळी अकरा किंवा बाराला. ‘एक दिवस’ म्हणून विकली जाणारी खोली प्रत्यक्षात वीस-एकवीस तासांचीच असते. आपल्याकडची पार्क साधारण साडेदहा-अकराला उघडतात आणि संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान बंद होतात. आता पार्कच्या दिवशीच रिसॉर्टला पोचलात तर काय होतं बघा. सामान काउंटरवर टाकून पार्कात, रात्री आठला पाय ओढत खोलीवर, जेवण, झोप, सकाळी नाश्ता, आवराआवर आणि अकराला बाहेर. पूल बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सात-आठला बंद होतो, म्हणजे तोही गेला. जागेपणी हॉटेलात काढलेले तास चार-पाच, त्यातले दोन आंघोळी उरकण्यात आणि बॅगा भरण्यात. दहा हजारांच्या खोलीचा जागेपणीचा एकेक तास दोन हजारांना पडला.

उपाय असा की महागडी रात्र घ्यायचीच असेल तर ती पार्कच्या आदल्या दिवशीची घ्या. कोल्हापूर ते खोपोली सुमारे ३०० किलोमीटर. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं, खंबाटकी घाट आणि पुण्यात नवले पूल ते चांदणी चौक हा पट्टा धरून सहा-सात तास लागतात, सुट्टीच्या तोंडावर त्याहून जास्त. सकाळी सहा-साडेसहाला तावडे हॉटेलपासून पुण्याच्या रस्त्याला लागलात, तर वाटेत चहा-नाश्ता करून दुपारी बरोबर चेक-इनच्या वेळेला पोचता. ती दुपार आणि संध्याकाळ पूलची, बागेची, पोरांच्या खेळांची. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून खोली सोडा, सामान बेल डेस्कवर ठेवून पावती घ्या आणि पार्कचं दार उघडायच्या वीस मिनिटं आधी गेटवर उभे राहा. पहिल्या तासात मोठ्या राइड्सची रांग सर्वांत छोटी असते, त्यामुळे थरारक राइड्स त्याच तासात उरका आणि शो, छोट्या राइड्स दुपारवर टाका.

मग दुसरी रात्र कुठे? ‘पार्क करून रात्रीच कोल्हापूर गाठू’ हा सगळ्यांत धोक्याचा बेत. दिवसभर उन्हात आणि पाण्यात काढलेला ड्रायव्हर, पुढे ३०० किलोमीटर, आणि नोव्हेंबर ते मार्च असेल तर साताऱ्याच्या पुढे गळीत हंगामाच्या ट्रॉल्या. ऊस लादलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली हेडलाइटच्या टप्प्यात येते तोवर ब्रेकला जागा उरलेली नसते. दुसरी रात्र पुण्यात किंवा साताऱ्यात, महामार्गाला लागून असलेल्या दोन-तीन हजारांच्या खोलीत काढा. थोडक्यात, पहिली रात्र पार्कच्या दारात, दुसरी घरच्या वाटेवर. दोन्ही रात्री रिसॉर्टमध्येच घेण्यात अर्थ आहे तो थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन वेगवेगळ्या दिवशी करायचं असेल तरच.

रेल्वेने जाणाऱ्यांचं गणित उलटं. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पहाटे पुण्यात सोडते, तिथून पुढे खोपोली गाठली तरी चेक-इनला बराच वेळ उरतो. काही रिसॉर्ट लवकर खोली देतात, पण त्याचे वेगळे पैसे लावतात. अशा वेळी पार्क आधी आणि खोली नंतर हेच होणार, आणि नंतरची खोली फक्त झोपेपुरती. तिथे साधं हॉटेलच बरं.

नकाशावर जवळ, रस्त्यावर लांब

‘इमॅजिकापासून जवळ’ म्हणून लोणावळ्याची रिसॉर्ट विकली जातात. इमॅजिका घाटाच्या खाली, खालापूर तालुक्यात खोपोली–पाली रस्त्यावर आहे आणि लोणावळा घाटाच्या माथ्यावर. शनिवार-रविवारी घाट तुंबला की तुमचा सकाळचा तो मोलाचा तास घाटातच जातो. लोणावळ्याला लोणावळ्यासाठी राहा, इमॅजिकासाठी राहायचं तर घाट उतरून खाली राहा. पार्कच्या आवाराला लागून नोव्होटेल आहे. ते नको असेल तर खोपोलीत आणि पाली रस्त्यावर साध्या खोल्या मिळतात. महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर याच टापूत असल्यामुळे देवदर्शनाला येणाऱ्यांसाठी राहण्याची सोय बऱ्यापैकी आहे. मात्र संकष्टीला आणि माघी गणेशोत्सवात तिथे जागा मिळेल या भरवशावर निघू नका.

रामोजी फिल्म सिटीची गोष्ट वेगळी, आणि तिथे महागडा मुक्काम खरोखर विचारात घ्यावा असा आहे. आपण सोलापूरच्या बाजूने हैदराबादला पश्चिमेकडून पोचतो. फिल्म सिटी शहराच्या पूर्वेला, विजयवाड्याच्या रस्त्यावर. मध्ये अख्खं हैदराबाद. आउटर रिंग रोड धरून पेद्दा अंबरपेटला उतरावं, शहरात शिरू नये. पण खोली जर हायटेक सिटीत किंवा अमीरपेटमध्ये घेतली असेल तर सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीतून दीड-दोन तास आणि रात्री परत तेवढेच. फिल्म सिटीचा कारभार सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतो आणि स्टुडिओ टूरच्या बसेसना सकाळी गर्दी कमी असते. आवारातच सितारा आणि तारा ही हॉटेलं आहेत, त्यांपैकी सितारा जास्त आलिशान. प्रवास वाचवायचा हेतू असेल तर तारा तेच काम कमी पैशात करतं. सिताराचे जादा पैसे हे निव्वळ थाटाचे.

वंडरला बेंगळुरू शहरात नाही, बिडदीला आहे, शहरापासून मैसूरच्या रस्त्यावर सुमारे २८ किलोमीटर. हुबळी-तुमकुरूकडून येणाऱ्याने शहराला वळसा घालणारा नाइस रोड धरून थेट मैसूर रस्त्याला लागावं. कोल्हापूरपासून सहाशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकून आल्यावर शहराच्या मध्यावरच्या मॅजेस्टिकजवळच्या हॉटेलात शिरणं म्हणजे पार्क बाजूला टाकून ट्रॅफिकमध्ये घुसणं. पार्कच्या आवारात वंडरलाचं स्वतःचं रिसॉर्ट २०१२ पासून आहे. खोल्या ८४, म्हणून मे महिन्यात आणि नाताळात त्या लवकर भरतात. तिथे जागा नसेल तर बिडदी किंवा रामनगरच्या बाजूला बघा.

दोनशे रुपयांच्या फरकावर हजार रुपयांचा कर

वेबसाइटवर मोठ्या अक्षरात दिसतो तो दर करापूर्वीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेली की थेट १८ टक्के. हा कर वरच्या फरकावर लागत नाही, पूर्ण रकमेवर लागतो. हिशेब करून बघा. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० ला पडते. ७,६०० ची खोली ८,९६८ ला. खोलीचा फरक २०० रुपये, खिशातला फरक १,१९८ रुपये. साडेसात हजारांच्या आसपासचा दर दिसला तर रिसॉर्टला थेट फोन करा आणि साडेसात हजारांच्या आत बसवता येतो का विचारा. मधल्या वारी गेलात तर पुष्कळदा बसतो, कारण कर प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर असतो, भिंतीवरच्या दरपत्रकावर नाही. उलटही होतं. एक्स्ट्रा बेडचे पैसे खोलीच्या दरात धरले की ७,००० ची खोली सीमा ओलांडते. बिलात ते कसं धरणार हे आधीच विचारा.

दुसरा कर जेवणातून येतो. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात खोलीचा दर साडेसात हजारांच्या वर गेलेला असतो, त्याच्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागू होतो. बाहेरच्या साध्या हॉटेलात ५ टक्के. सहा जणांचं रात्रीचं जेवण ४,००० रुपयांचं झालं तर आत ७२० रुपये कर, बाहेर २००. शिवाय आतल्या जेवणाचा मूळ दरही बाहेरच्यापेक्षा चढा असतो. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या सूचनांमध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या आहेत. हा चार्ज वेगळा आणि जीएसटी वेगळा, हे काउंटरवर भांडण्याआधी ओळखून घ्या.

आता दोन पर्याय शेजारी ठेवू. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे स्वतःचे घाला. पार्कच्या दारातली खोली ९,००० अधिक १८ टक्के, म्हणजे १०,६२०. दहा किलोमीटरवरची खोली ३,००० अधिक ५ टक्के, म्हणजे ३,१५०. फरक ७,४७०. दारातल्या खोलीत दोघांचा नाश्ता धरलेला असतो, त्याचे हजार-बाराशे वजा करा. गाडीचं पेट्रोल आणि पार्किंग वजा करा. तरी सहा हजार उरतात. बहुतेक पार्कमध्ये रांग टाळायचा एक्सप्रेस किंवा फास्ट ट्रॅक पास वेगळा विकत मिळतो. गर्दीच्या दिवशी उरलेले सहा हजार त्या पासवर घातले तर चार-पाच राइड्सच्या रांगा वाचतात. दारातली खोली मात्र सकाळचा अर्धा तास तेवढा वाचवते. मधल्या वारी, शाळा चालू असताना गेलात तर रांगच नसते, तेव्हा पासही नको आणि दारातली खोलीही नको.

‘पॅकेज आहे’ म्हणजे नक्की काय आहे?

रिसॉर्ट आणि पार्क एकाच नावाचे असले की पार्कचं तिकीट खोलीतच आलं असं गृहीत धरलं जातं. बुकिंगच्या पावतीवर पार्कचं नाव, तारीख आणि माणसांची संख्या छापलेली नसेल तर ते तिकीट तुमच्याकडे नाही, एवढं पक्कं समजा. रिसॉर्टची स्वतःची नसलेल्या, भलत्याच वेबसाइटवरून स्वस्तात घेतलेल्या खोलीला तर पार्कच्या सवलती बऱ्याचदा लागूच होत नाहीत.

परदेशात हाच मुद्दा लाखांच्या घरात जातो, म्हणून थोडं सविस्तर. दुबईच्या अटलांटिस द पाम हॉटेलात राहणाऱ्यांना ॲक्वाव्हेंचर वॉटर पार्क खोलीच्या दरातच मिळतं. चार जणांच्या कुटुंबाची तिकिटं वजा केली की तो अवाढव्य दर जरा माणसात येतो. पंचतारांकित खोलीमागे रात्रीला २० दिरहॅम पर्यटन शुल्क मात्र काउंटरवर वेगळं द्यावं लागतं. सिंगापूरला युनिव्हर्सल स्टुडिओचा एक्सप्रेस पास वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि मुख्य शहरातल्या हार्बरफ्रंट मेट्रो स्थानकावर उतरून व्हिवोसिटीहून सेंटोसा एक्सप्रेसने किंवा चक्क बोर्डवॉकवरून चालत पार्कपाशी जाता येतं. तिथे बेटावर महागडं राहायची गरज फारच थोड्यांना पडते.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जाऊन ऑर्लँडो करणाऱ्या आई-वडिलांसाठी दोन गोष्टी. डिस्ने वर्ल्डमध्ये अर्धा तास लवकर प्रवेश मिळतो तो डिस्नेच्या सगळ्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना, अगदी सर्वांत स्वस्त हॉटेलातल्यासुद्धा. त्या अर्ध्या तासासाठी डिलक्स हॉटेल घेणं शुद्ध उधळपट्टी. डिलक्सला जादा मिळतं ते ठरावीक रात्री उशिरापर्यंत पार्कमध्ये थांबणं, आणि लहान पोरं बरोबर असतील तर त्याचा उपयोग शून्य. युनिव्हर्सल ऑर्लँडोचं उलट आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन महागड्या हॉटेलांत प्रत्येक पाहुण्याला अमर्याद एक्सप्रेस पास मोफत मिळतो, तोही चेक-इन आणि चेक-आउट अशा दोन्ही दिवशी. चार जणांनी एक रात्र घेतली की दोन दिवसांच्या रांगा सुटल्या. महागडी खोली डोळे मिटून घ्यावी अशी ही जागा. पण २२ मे २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्स पार्कला हा पास चालत नाही, त्यामुळे फक्त एपिकसाठी जात असाल तर या खोलीचा फायदा नाही.

परदेशी टूर पॅकेज एजंटाकडून घेतलं तर वर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्यासाठी पॅकेज ज्याच्या नावावर, त्याचंच पॅन द्या.

वय हॉटेलचं, उंची पार्कची

हॉटेल पोरांना वयाने मोजतं आणि पार्क उंचीने. वंडरलामध्ये ८५ सेंटीमीटरच्या खाली मोफत, ८५ ते १४० लहान मुलाचं तिकीट, त्याच्या वर पूर्ण तिकीट. दहा वर्षांचा पोरगा १४२ सेंटीमीटर असेल तर हॉटेलात तो लहान आणि पार्कात मोठा. निघण्याआधी घरात भिंतीला उभं करून, चप्पल काढून उंची मोजा. दुसरा उपयोग म्हणजे १४० च्या खालच्या मुलांना बहुतेक मोठ्या राइड्सवर घेत नाहीत. घरातली दोन्ही पोरं १२०-१२५ ची असतील तर थरारक राइड्सच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या पार्कपायी महागडा मुक्काम दोन-तीन वर्षं पुढे ढकललेला बरा.

एकत्र कुटुंबाचं आणखी एक. ‘फॅमिली रूम’ म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन मोठे आणि एक-दोन लहान. आजी-आजोबा धरून सहा जण एका खोलीत बसवू हा हिशेब काउंटरवर मोडतो आणि ऐन वेळी दुसरी खोली त्या दिवसाच्या चढ्या दराने घ्यावी लागते. मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या लेखी मागून घ्या.

दुपारी खोलीवर येऊन झोपू

दारातलं रिसॉर्ट घेण्याचं सर्वांत खरं कारण हेच: तान्हं मूल, गुडघेदुखीची आजी. पण बऱ्याच पार्कमध्ये एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत, किंवा हातावर शिक्का घेतलेला असेल तरच घेतात. हे बुकिंगच्या आधी पार्कला विचारा, हॉटेलला नाही. पुन्हा प्रवेश मिळत असेल तर दारातल्या खोलीचे पैसे इथे पुरेपूर वसूल होतात. आणि चेक-आउटच्या दिवशी पार्क ठेवलं असेल तर दुपारी झोपायला खोली कुठली? अशा कुटुंबाने पार्कच्या दिवसाची रात्रही तिथेच घ्यावी, किंवा अर्ध्या दिवसाच्या दराने उशिरा चेक-आउट ठरवून घ्यावं.

खाणं आणि पाऊस

भडंग, दशम्या, खर्डा सोबत असणारच, पण पार्कच्या गेटवर बाहेरचं खाणं अडवतात. लहान बाळाचं अन्न आणि औषधं बहुतेक ठिकाणी सोडतात. डबा गाडीत ठेवा, खोलीवर खा. रिसॉर्टच्या बुफेत ‘व्हेज कोल्हापुरी’ दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका, त्या लाल गोडसर रश्शाचा आपल्या गावाशी काही संबंध नाही.

जून ते सप्टेंबर खोल्यांचे दर उतरतात ते उगीच नाही. खोपोलीचा पाऊस घाटाखालचा, मोठा. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, आणि रिसॉर्टचा त्याच्याशी संबंध नसतो. पावसाळ्यात जायचंच तर तारीख बदलता येणारं तिकीट आणि रद्द करता येणारी खोली, दोन्ही घ्या. ‘नॉन-रिफंडेबल’मध्ये वाचणारे पाच-सातशे इथे महागात पडतात.

काउंटरवर अडचण आली तर

खोली तयार नाही असं सांगितलं तर वाद घालत बसू नका. चेक-इनचे कागद लगेच पुरे करून घ्या, सामान ठेवा, पूल वापरू द्यायला सांगा. पोहण्याचे कपडे म्हणून वेगळ्या छोट्या पिशवीत वर ठेवायचे, मोठ्या बॅगेच्या तळाला नाही. पूल आणि वॉटर पार्क दोन्हीकडे नायलॉनचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत, कारण सुताचे धागे फिल्टरमध्ये अडकतात.

‘पार्क व्ह्यू’चे पैसे भरून पार्किंग दिसत असेल तर बॅगा उघडायच्या आधी खाली या. बॅगा उघडल्या, बाथरूम वापरलं की खोली बदलून मिळणं अवघड होतं. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, आणि पॅन कार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आधार, लायसन्स किंवा मतदार कार्ड ठेवा. कबूल केलेली गोष्ट देत नसतील तर पावतीचा फोटो दाखवून ड्यूटी मॅनेजरकडून लेखी उत्तर घ्या. तिथे नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवटी अनामत. मोठी रिसॉर्ट चेक-इनला दोन ते पाच हजार कार्डावर अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती रक्कम नुसती अडते आणि चेक-आउटनंतर सुटते. डेबिट कार्डावर ती खात्यातून गेल्यासारखीच असते आणि परत यायला आठवडाभरसुद्धा लागू शकतो. परतीच्या टोलचे आणि पेट्रोलचे पैसे त्याच खात्यात ठेवू नका.